टायमिंग चेन बदलल्यावर कॅम जुळवताना: नव्या हातांसाठी

सेल्फ मारण्याआधी क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, पान्याने, हाताने, पूर्ण दोन फेरे फिरवायचा. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

काही वर्षांपूर्वी आमच्या गॅरेजमध्ये एक हॅचबॅक टो होऊन आली. दुसरीकडे नवीन टायमिंग चेन टाकली होती, म्हणजे क्रँकला जोडून व्हॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवणारी साखळी. खुणा जुळवल्या होत्या, कव्हर बसवलं होतं आणि मग थेट सेल्फ मारला होता. दोन सेकंद फिरलं, खट्‌ आवाज झाला आणि संपलं. हेड उतरवलं तर आवक बाजूचे आठही व्हॉल्व्ह वाकलेले. ज्याच्या हातून ते झालं तो जेमतेम विशीतला मुलगा गाडीबरोबरच आला होता, आणि शेवटपर्यंत एकच सांगत होता, "पण खुणा तर बरोबर होत्या." खोटं बोलत नव्हता तो. त्याने जुळवल्या तेव्हा खुणा बरोबरच होत्या. नंतर त्या का सरकल्या, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे.

उदाहरण म्हणून मारुतीच्या १.२ लिटर के-सिरीज पेट्रोल इंजिनासारखं इंजिन डोळ्यांसमोर ठेवतो: चार सिलिंडर, हेडवर दोन कॅम, आवक कॅमवर व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ चालू इंजिनात बदलणारी यंत्रणा), फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२. रस्त्यावर ही इंजिनं इतकी आहेत की पहिला हात बहुधा यांच्यावरच बसतो. इथेच एक खबरदारी. २००५ साली आलेल्या पहिल्या स्विफ्टच्या १.३ पेट्रोल इंजिनात बेल्ट होता, नंतरच्या १.२ मध्ये चेन आली. गाडीचं नाव तेच, आतला मामला वेगळा. म्हणून काम गाडीच्या नावावर नाही, इंजिनाच्या कोडवर ठरवायचं, आणि मॅन्युअल त्याच कोडचं उघडायचं. टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचे त्याचे, आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. ते त्या मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

आधी एवढं डोक्यात बसू द्या

क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फेरा फिरतो. म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) क्रँकच्या दुप्पट दात असतात. समजा क्रँकला १८ आणि कॅमला ३६ दात आहेत. कॅम एक दात चुकला म्हणजे कॅमचे १० अंश चुकले, आणि क्रँकच्या हिशेबात २० अंश. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ २० अंशांनी सरकली, तर गाडी चालू झाली तरी ओढणार नाही. दोन-तीन दात सरकले तर काय होईल हे इंजिनावर अवलंबून आहे. आजच्या बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर आल्यावर त्याच्यात आणि उघड्या व्हॉल्व्हमध्ये जागाच उरत नाही, तिथे व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. क्रँकवरची खूण वर आली म्हणजे पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवरच (पिस्टन वर, सगळे व्हॉल्व्ह बंद) आहे असं नाही. क्रँक दोनदा त्या जागी येतो, कॅम एकदाच. त्यामुळे कॅमकडे पाहिल्याशिवाय क्रँकच्या खुणेला अर्थ नाही.

उतरवताना

बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडी घोडीवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. स्पार्क प्लग सगळे काढा, कारण पुढे क्रँक हाताने फिरवताना कॉम्प्रेशनचा जोर मध्ये येता कामा नये. प्लगच्या भोकांत कापडाचे बोळे घाला आणि बोळे किती घातले ते मोजून ठेवा.

हेड कव्हर काढल्यावर, चेनला हात लावण्याआधी, जुन्या चेनसकट इंजिन खुणांवर आणा. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन नेहमी फिरतं त्याच दिशेने फिरवा; पुलीच्या बाजूने पाहिलं तर बहुतेक गाड्यांत ती घड्याळाच्या काट्यांची दिशा असते. उलटं फिरवायचं नाही. उलटं फिरवलं की चेनची ढिलाई ताणाच्या बाजूला जाते, चेन ताठ ठेवणाऱ्या टेन्शनरवर दाब येतो, आणि ताणलेली चेन तिथेच दात उडी मारू शकते. खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे येऊ नका, पुन्हा दोन फेरे फिरवून या.

आता फोटो काढा. समोरून, सरळ, स्प्रॉकेटच्या मध्याच्या रेषेत. तिरक्या कोनातून पाहिलं की खूण अर्धा दात सरकलेली दिसते, आणि मग माणूस बरोबर असलेलं बिघडवून ठेवतो. जुन्या चेनवर खुणा कुठे होत्या हे बघणं महत्त्वाचं आहे. ताणलेल्या चेनमध्ये कॅमच्या खुणा थोड्या मागे पडलेल्या दिसतात. तीच चेन बदलण्याची खूण, ते बघून "इथे असंच असतं" म्हणायचं नाही.

पुलीचा बोल्ट फार घट्ट असतो. पाना चॅसिसला अडकवून सेल्फ मारायचा आणि बोल्ट सोडवायचा, हा प्रकार तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. करू नका. पाना सुटून हात मोडू शकतो, आणि चेन आधीच सैल असेल तर त्याच झटक्यात टायमिंग उडतं. पुली धरायचं हत्यार मिळतं, ते घ्या.

कव्हर उघडल्यावर टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला आहे ते बघा. जवळजवळ शेवटापर्यंत आलेला असेल तर चेन खरोखरच संपली होती. चेनला आधार देणाऱ्या गाइडच्या प्लास्टिकचे तुकडे पडलेले असतील तर ऑइल चेंबर उतरवून आतली जाळी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. जाळी तुंबली की तेलाचा दाब कमी, दाब कमी की टेन्शनर ढिला, आणि नवी चेनही खडखडायला लागते. नवीन चेनबरोबर टेन्शनर, दोन्ही गाइड, क्रँकचं पुढचं ऑइल सील आणि ओ-रिंग्जही नवीनच घाला. स्प्रॉकेटच्या दातांना धार आली असेल तर तीही बदला. मालकाला खर्च वाढल्यासारखा वाटतो, पण कव्हर दुसऱ्यांदा उघडण्याच्या मजुरीपुढे तो काहीच नाही.

चेन निघाल्यावर

चेन निघाली की कॅम आणि क्रँक यांचं नातं तुटलं. यापुढे एक मोकळा फिरवला तर दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो. कॅमवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब असतो, त्यामुळे चेन काढताक्षणी कॅम स्वतःहून झटका घेऊन थोडा फिरू शकतो. घाबरायचं कारण नाही, पण हात तिथे ठेवायचा नाही. कॅमच्या दांड्यावर पान्यासाठी षटकोनी भाग असतो, तिथे पाना लावून तो हळूच जागेवर आणता येतो. दहा-पंधरा अंशांपेक्षा जास्त फिरवायची वेळ आली तर थांबा. आधी क्रँक मागे घेऊन सगळे पिस्टन निम्म्यावर आणा, म्हणजे व्हॉल्व्ह कुठेच लागणार नाहीत. मग कॅम जागेवर आणा, आणि शेवटी क्रँक त्याच्या खुणेवर परत न्या. या टप्प्यात क्रँक मागे-पुढे फिरवला तर चालतं, कारण आता चेनच नाही.

व्हीव्हीटीकडे आता लक्ष द्या, कारण नवीन माणूस इथे सर्वांत जास्त फसतो. आवक कॅमच्या टोकाला जो जाड डबा असतो तो आतून फिरू शकतो, तेच त्याचं काम. इंजिन बंद होताना तो एका टोकाला जाऊन आतल्या पिनने लॉक होतो. आवक कॅमवर सहसा सर्वांत उशिराच्या बाजूला. टायमिंग जुळवायचं ते तो लॉक असतानाच. हाताने हलवून बघा. डबा कॅमसोबत एकसंध फिरला पाहिजे. डबा मोकळा हलत असेल तर खुणा जुळवण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही जुळवलेली खूण पहिल्या सेकंदाला सरकणार आहे. डबा कॅमवरून काढायचा झाला तर फक्त मधला बोल्ट सोडायचा; कडेचे छोटे बोल्ट डब्याचं पोट बंद ठेवतात, त्यांना हात नाही लावायचा. आणि तो मधला बोल्ट सोडताना किंवा आवळताना कॅम षटकोनी भागावरच धरायचा. चेनच्या किंवा लॉकच्या आधाराने बोल्ट आवळणं ही वाईट सवय आहे, नव्या कामात लावूनच घेऊ नका.

खुणा आणि नवी चेन

नव्या चेनमध्ये तीन ठिकाणच्या कड्या वेगळ्या रंगाच्या असतात. दोन कॅमसाठी, एक क्रँकसाठी. कोणता रंग कुठे जातो हे इंजिनागणिक बदलतं, म्हणून मॅन्युअलमधलं चित्र शेजारी ठेवा. प्रत्येक स्प्रॉकेटवर दोन प्रकारच्या खुणा असू शकतात: एक रंगीत कडीसाठी, दुसरी हेडच्या किंवा ब्लॉकच्या खुणेशी जुळवण्यासाठी. या दोघींची गल्लत झाली की टायमिंग भलतीकडेच बसतं. सगळी इंजिनं पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीवरच (पिस्टन सर्वांत वर असताना) जुळवायची असतात असंही नाही. काहींत पिस्टन दुसऱ्याच जागी ठेवायला सांगितलेलं असतं. क्रँकवरची 'की' (स्प्रॉकेट अडकवणारी छोटी पट्टी) कोणत्या दिशेला हवी, हे चित्रातच बघायचं.

खुणा डोळ्यांना नीट दिसत नसतील तर ब्रेक क्लीनरने पुसून पांढऱ्या मार्करचा छोटा ठिपका द्या. नवी चेन हातात घेऊन रंगीत कड्यांमधल्या कड्या मोजा आणि जुनीशी ताडा. चुकीच्या इंजिनाची चेन पेटीत आलेली मी पाहिली आहे, आणि ती बसवताना पहिली दहा मिनिटं बरोबरच वाटते.

ताणाची बाजू

तो मुलगा इथेच चुकला होता.

चेनच्या दोन बाजू असतात. क्रँक फिरताना ज्या बाजूची चेन स्वतःकडे खेचतो ती ताणाची बाजू, तिथे न हलणारं गाइड असतं. दुसरी ढिली बाजू, तिथे टेन्शनर दाबतो. चेन बसवताना ढिलाई असणारच. ती सगळीच्या सगळी टेन्शनरच्या बाजूला गेली पाहिजे. ताणाच्या बाजूला एका कडीएवढी ढिलाई जरी राहिली, तरी क्रँक फिरल्याबरोबर आधी ती ढिलाई ओढली जाते आणि मगच कॅम फिरायला लागतो. म्हणजे कॅम तेवढा उशिरा. दोन कॅमच्या मध्ये राहिलेली ढिलाईही तशीच लबाडी करते.

म्हणून क्रम ठरलेला ठेवा. आधी क्रँकच्या स्प्रॉकेटवर त्याची रंगीत कडी. तिथून ताणाच्या बाजूने चेन वर घ्या, गाइडला चिकटून, ताणून, आणि त्या बाजूच्या कॅमवर बसवा. मग दोन कॅममधला तुकडा ताणून दुसऱ्या कॅमवर. जी काही उरेल ती ढिलाई टेन्शनरच्या बाजूला खाली लोंबेल, लोंबू द्या. कडी दातावर बसत नसेल तर कॅम षटकोनी भागाला पाना लावून किंचित पुढे-मागे करा, चेन ओढून जबरदस्ती करू नका. एकट्याने हे करायला तीन हात लागतात. बसलेली कडी सुटू नये म्हणून प्लास्टिकच्या टायने चेन स्प्रॉकेटला बांधून ठेवतात, तसं करा. आणि कापून काढलेला टाय टेबलावर आला का, हे बघा.

टेन्शनर दाबलेल्या अवस्थेत, पिन घातलेला बसवायचा. बोल्ट टॉर्कवर आवळले, तीनही कड्या पुन्हा एकदा बोटाने दाखवत मोजल्या, की मग पिन ओढा. दांडा टक्‌ करून बाहेर येतो आणि चेन ताठ होते. पिन ओढल्यानंतर ताणाची बाजू बोटाने दाबून बघा. ती काठीसारखी ताठ लागली पाहिजे.

दोन फेरे

आता पान्याने क्रँक सावकाश फिरवा, नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे. हाताला काय जाणवतंय त्याच्याकडे लक्ष ठेवा. प्लग काढलेले असल्याने जोर फार लागत नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांमुळे मधूनमधून थोडं जड, थोडं हलकं होतं, ते ठीक. पण कडक, धातूला धातू लागल्यासारखा अडथळा आला तर तिथेच थांबा. आणखी जोर लावायचा नाही. हाताच्या जोराने सहसा व्हॉल्व्ह वाकत नाही, तुम्ही हट्टाने लांब पाइप लावलात तर वाकतो. हाताने फिरवायचं ते यासाठीच: सेल्फला असा अडथळा समजत नाही.

दोन फेरे झाल्यावर स्प्रॉकेटच्या खुणा हेडच्या आणि ब्लॉकच्या खुणांशी पुन्हा जुळल्या पाहिजेत. रंगीत कड्या मात्र जुळणार नाहीत, आणि त्या जुळत नाहीत म्हणून सगळं परत उघडणारी मंडळी मी पाहिली आहेत. हिशेब सोपा आहे. समजा चेनमध्ये १२२ कड्या आणि क्रँकला १८ दात आहेत. दोन फेऱ्यांत चेन ३६ कड्या पुढे सरकते. तिन्ही रंगीत कड्या पुन्हा आपापल्या खुणांवर यायला क्रँकचे १२२ फेरे लागतील. रंगीत कडी फक्त बसवताना कामाची, तपासताना स्प्रॉकेट आणि हेड यांच्याच खुणा बघायच्या. पहिले दोन फेरे झाले की आणखी दोन फिरवा. मी चार फेऱ्यांशिवाय कव्हर लावत नाही.

खूण अर्ध्या दाताने चुकलेली दिसली तर? अर्धा दात चुकणं शक्यच नसतं, चेन पूर्ण दातानेच बसते. मग कारणं मोजकी: तुम्ही तिरकं पाहताय, व्हीव्हीटी लॉक नाही, टेन्शनर सुटलाच नाही, किंवा हेड पूर्वी फेसिंग करून (घासून सपाट करून) पातळ झालंय आणि कॅम किंचित खाली आल्याने खूण थोडी मागे पडते. शेवटचं कारण मालकाला विचारूनच कळतं.

खुणांवर विश्वास बसत नसेल तर आणखी एक तपासणी आहे, माझी आवडती. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा. तिथे पहिल्या सिलिंडरच्या कॅमची चारही नाकं व्हॉल्व्हपासून दूर वळलेली असतात, व्हॉल्व्ह पूर्ण बंद. त्याच वेळी चौथ्या सिलिंडरकडे बघा. तिथे जावक व्हॉल्व्ह मिटत आलेले आणि आवक उघडू लागलेले असतात. क्रँक थोडा इकडे-तिकडे केला की एक जोडी वर जाते, दुसरी खाली येते. मागे नेताना अगदी थोडंच न्या. चौथ्या सिलिंडरवर ही झुलणी टीडीसीच्या आसपासच दिसली तर टायमिंग ढोबळमानाने बसलंय. खुणा पुसलेल्या जुन्या इंजिनातही ही पद्धत माणसाला घरी पोचवते.

जिथे खुणाच नसतात

बीएमडब्ल्यूच्या अनेक इंजिनांत स्प्रॉकेट कॅमवर कीने अडकलेलं नसतं, फक्त मधल्या बोल्टच्या दाबाने धरलेलं असतं. तिथे फ्लायव्हीलमध्ये पिन घालून क्रँक धरतात आणि कॅमवर खास साचा बसवून दोन्ही कॅम धरतात. मग चेन घालतात, टेन्शनरचा दाब देतात आणि सर्वांत शेवटी स्प्रॉकेटचा बोल्ट आवळतात. असा बोल्ट एकदा ढिला केला की जुनं टायमिंग संपलं, मार्करचा ठिपका तिथे कामाचा नाही. त्या इंजिनाचं लॉकिंग किट हाताशी नसेल तर असं काम घेऊ नका. किट भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मिळतं.

बंद करताना, चालू करताना

कव्हरच्या दोन्ही कडा पुसून कोरड्या करा आणि सीलंटची बारीक, सलग रेघ द्या. जास्त दिलं की उरलेलं आत गळतं आणि जाळीत जाऊन बसतं. कव्हर लावण्याआधी चेनवर आणि गाइडवर तेल ओता. क्रँक आणि कॅमच्या सेन्सरचे कनेक्टर नीट टकटक आवाज करून बसले का बघा. टायमिंग बरोबर असूनही गाडी चालू न होण्याचं कारण पुष्कळदा सुटलेला सेन्सर असतो.

तेल भरल्यावर लगेच चालू करू नका. कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाच-पाच सेकंद सेल्फ मारा, मध्ये थोडं थांबत, तेलाचा दिवा विझेपर्यंत. हायड्रॉलिक टेन्शनरमध्ये तेल पोचायला वेळ लागतो. मग सगळं जोडून चालू करा. पहिले काही सेकंद खडखड आली तर ती विरून जायला हवी. न विरल्यास इंजिन बंद करा.

स्कॅनर लावा, जुने कोड पुसा आणि गाडी गरम होऊ द्या. पी००१६ हा कोड परत आला तर क्रँक आणि कॅम यांचे सिग्नल आपसांत जुळत नाहीत असा अर्थ आहे. सेन्सर बदलायच्या मागे लागण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडरमध्ये सारखंच कमी आलं तर संशय टायमिंगवर. एका-दोघांतच कमी आलं तर तिथला व्हॉल्व्ह वाकलाय किंवा रिंगा गेल्यात. या एका आकड्याने दोन दिवसांचं अंधारातलं काम वाचतं.

त्या मुलाला आम्ही पंधरा दिवस गॅरेजमध्ये ठेवून घेतलं. त्याच गाडीचं हेड त्याच्याच हातून बसवून घेतलं, चेनही त्यानेच घातली. पिन ओढल्यावर त्याने ताणाची बाजू बोटाने दाबली, पाना लावला आणि मोठ्याने मोजत चार फेरे फिरवले. मग मला म्हणाला, "दादा, तुम्ही पण एकदा बघा."